वेताळाचा जांभळा : एका पोशाखाची पाठचिकित्सा

फँटमचा जांभळा रंग त्याच्या निर्मात्यानं ठरवलेला नाही. ली फॉकची ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झाली तेव्हा ती रोजची, काळ्या शाईतली पट्टी होती. नायकाच्या अंगाला चिकटून बसणारा तो पोशाख फॉकच्या मनात करडा होता. मालिकेला ‘करडं भूत’ अशा अर्थाचं नाव द्यावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. तीन वर्षांनी, २८ मे १९३९ला, रविवारची रंगीत मालिका सुरू झाली आणि छापून आला तो जांभळा नायक. रंग ठरला तो छपाईच्या बाजूनं. पुढे हाच गृहस्थ स्वीडनमध्ये निळा झाला, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल झाला. तुर्कस्तानात तर त्याचं नावच ‘लाल मुखवटा’ पडलं. आपल्याकडे १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाची इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली, मराठीत त्याचा ‘वेताळ’ झाला आणि आमच्या पिढीच्या डोळ्यांत बसला तो मात्र जांभळाच.

आता असं समजा, की कुणाला हा पोशाख खरोखरच शिवून घ्यायचा आहे. कापड कोणतं घ्यावं? रंगवलेलं की छापलेलं? छापायचं तर कोणत्या पद्धतीनं? आणि जांभळा म्हणजे नेमका कोणता जांभळा? हे प्रश्न वरवर शिंप्याचे आणि रंगाऱ्याचे आहेत. पण उत्तर द्यायला बसलं की लक्षात येतं, की ‘मूळ’ कशाला म्हणायचं हे ठरवल्याशिवाय दुकानात पाऊलही टाकता येत नाही. लेखकाच्या मनातला करडा मूळ, की वाचकांपर्यंत पोचलेला जांभळा? पुण्यात भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी महाभारताच्या पोथ्या समोर ठेवून ज्या प्रकारचा विचार केला, त्या प्रकारचा हा विचार आहे. तुलना भारदस्त वाटेल आणि काहींना ती खटकेलही. पण पाठभेद हे पाठभेदच, मग ते भूर्जपत्रावरचे असोत की रद्दीच्या भावानं विकल्या गेलेल्या कागदावरचे.

या पोथ्यांचा लिपिकार म्हणजे छापखाना. जुन्या अमेरिकी कॉमिक्सच्या छपाईत आकाशी निळा, किरमिजी आणि पिवळा या तीन शाया असत, आणि रेषेसाठी काळी. प्रत्येक रंग पंचवीस टक्के, पन्नास टक्के किंवा पूर्ण वापरायचा, नाहीतर अजिबात वापरायचा नाही. चार गुणिले चार गुणिले चार. म्हणजे एकूण ६४ छटा. संपूर्ण महानायकांचं विश्व या चौसष्ट खणांच्या पेटीतून निघालं आहे. कागद स्वस्त, शाई शोषून घेणारा. यंत्रं वेगानं फिरणारी. अशा व्यवस्थेत भडक मूळ रंग टिकतात आणि मधले, बुजरे रंग मरतात. करडा हा त्यांतला सगळ्यात बुजरा. फँटमचा करडा रंगीत पानापर्यंत पोचलाच नाही. पोचला असता तर काय झालं असतं याचा अंदाज हल्कवरून बांधता येतो. मे १९६२च्या पहिल्या अंकात हल्क करडा होता. तो करडा एका चौकटीत फिकट, दुसरीत गडद, तिसरीत भलत्याच रंगाकडे झुकलेला असा उमटला आणि दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला. स्पायडरमॅनची गोष्ट याहून मजेशीर आहे. स्टीव्ह डिटकोच्या सुरुवातीच्या चित्रांत पोशाखाचा निळा भाग बराचसा काळा भरलेला दिसतो आणि निळा हा त्या काळ्यावरची चकाकी दाखवायला येतो. काळं नुसतं काळं ठेवलं तर आकार बुडतो म्हणून त्यावर निळी झाक द्यायची, हा चित्रकारांचा जुना संकेत. पुढच्या हातांनी झाक वाढवत नेली, काळं कमी केलं आणि आज जगातल्या कुठल्याही मुलाला विचारा, स्पायडरमॅन लाल-निळा असतो. संकेताचा अर्थ विसरला की संकेतच वस्तू होऊन बसतो. पोथ्यांच्या अभ्यासकांना असे अपपाठ पानोपानी भेटतात.

रंगाची ही गत, तर कापडाची त्याहून वाईट. कारण कापड पानावर कधी नव्हतंच. स्पँडेक्स, म्हणजे ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो तो ताणला जाणारा धागा, ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली तयार केला. फँटम त्याच्या बावीस वर्षं आधीचा, सुपरमॅन वीस वर्षं आधीचा. चित्रकारांच्या डोळ्यांसमोर होते ते सर्कशीतले कसरतपटू आणि पैलवान. त्यांचे विणलेले लोकरी, सुती, रेशमी तंग कपडे गुडघ्यावर आणि कोपरावर सैल पडत, तिथे पिशव्या येत. चित्रातल्या पोशाखाला पिशवी येत नाही, सुरकुती पडत नाही, शिवण नाही, चेन नाही. नायक तो घालतो कुठून आणि काढतो कुठून, हे कुणी दाखवलेलं नाही. खरं तर उघड्या देहाची बाह्यरेषा काढायची, तिच्यात रंग भरायचा आणि मनगट, गळा, कंबर इथे एकेक आडवी रेघ मारायची, झाला पोशाख. अमेरिकी कादंबरीकार मायकेल शेबॉन यांनी २००८ साली ‘द न्यूयॉर्कर’मधल्या निबंधात हेच सूत्र धरून मांडलं, की हा पोशाख कापडाचा नसल्यामुळे तो प्रत्यक्षात आणण्याचा प्रत्येक प्रयत्न पडेलच. निबंध सुंदर आहे आणि निदान अचूक आहे. निष्कर्षाशी मात्र माझं जमत नाही. पोशाख कापडाचा नाही, हे मान्य. पण तो हवेचाही नाही. तो शाई आणि कागदाचा आहे. या दोन्ही वस्तू खऱ्या आहेत, हाताला लागतात, त्यांना गुणधर्म आहेत; आणि ते गुणधर्म दुसऱ्या माध्यमात नेता येतात की नाही हे पाहण्याजोगं आहे.

चित्रपटवाल्यांनी हा प्रश्न तीन पिढ्यांत तीन तऱ्हांनी सोडवला. पहिली पिढी कामचलाऊ आणि म्हणूनच प्रामाणिक. जॉर्ज रीव्ह्ज सुपरमॅन झाला त्या पन्नाशीतल्या दूरचित्रवाणी मालिकेचे सुरुवातीचे भाग रंगहीन होते, तेव्हा त्याचा पोशाख चक्क तपकिरी आणि करडा होता. लाल आणि निळा काळ्या-पांढऱ्या फिल्मवर एकसारखे दिसतात. तपकिरी आणि करडा वेगळे दिसतात, आणि पाहणारा मनात लाल-निळा भरून घेतो. १९७८च्या ‘सुपरमॅन’साठी इव्हॉन ब्लेक यांनी वेशभूषा केली ती या पिढीचं सर्वोत्तम काम आहे : साधं, पातळ, ताणलेलं कापड, सपाट रंग. निळ्या पडद्यासमोर चित्रित करायच्या उड्डाणांसाठी त्यांना निळ्याऐवजी मोरपिशी झाक असलेला पोशाख वापरावा लागला, नाहीतर नायक पडद्यातच विरघळला असता. तो फरक चित्रपटात जागोजाग दिसतो. मला तो दिसतो तेव्हा बरं वाटतं.

दुसरी पिढी रबराची. १९८९च्या ‘बॅटमॅन’मध्ये बॉब रिंगवूड यांनी काळ्या रबराचे कोरीव स्नायू नटाच्या अंगावर चढवले आणि मायकल कीटनला मान वळवता येईना. बॅटमॅन अंधारातला असल्यामुळे ते खपून गेलं. पण त्या यशानंतर सगळेच कवचात शिरले, आणि तिथे माझी तक्रार सुरू होते.

तिसरी पिढी पोताची आहे. २००६च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये छातीवरचं चिन्ह त्याच चिन्हाच्या शेकडो चिमुकल्या उठावदार आकृत्यांनी भरलं. २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये लाल चड्डी गेली, रंग मावळले आणि अंगभर चिलखताच्या कड्यांसारखी नक्षी आली. फँटमच्या वाट्याला हे आधीच आलं होतं : १९९६च्या चित्रपटात बिली झेनचा पोशाख जांभळाच ठेवला, पण सपाट ठेवला नाही, त्याच रंगाच्या गडद छटेत अंगभर नक्षी खेळवली. कारणं सांगितली जातात ती तांत्रिक असतात. मोठ्या पडद्यावर सपाट कापड ‘स्वस्त’ दिसतं, कॅमेऱ्याला पकडायला काहीतरी लागतं, वगैरे. त्यात तथ्य आहे. पण षटकोनांची, खवल्यांची ही जाळी आता इतकी सार्वत्रिक झाली आहे, की तिच्यामागे तांत्रिक गरजेपेक्षा संकोच जास्त आहे असं मी म्हणेन. सपाट जांभळ्या रंगात उभा असलेला प्रौढ पुरुष हास्यास्पद दिसेल, ही ती भीती. ज्याला आपल्या मूळ कृतीची लाज वाटते तो भाषांतरकार टीपा वाढवत नेतो, तसं हे आहे.

सरसकट नियम करू नये म्हणून एक अपवाद आवर्जून नोंदवते. २०१८च्या ‘ब्लॅक पँथर’मध्ये रूथ कार्टर यांनी नायकाच्या पोशाखावर उठावाच्या छोट्या त्रिकोणांची नक्षी घेतली. तिथे पोताला अर्थ आहे. आफ्रिकी कलेत पुन्हा पुन्हा येणारा तो आकार नायकाला एका लढवय्यापलीकडे नेऊन एका भूमीचा राजा करतो. त्याच चित्रपटात राणीमातेचा मुकुट झुलू विवाहितेच्या टोपीवरून घेतला आणि त्रिमिती छपाईनं घडवला. नक्षी काय सांगते, हा प्रश्न विचारल्यावर जी उत्तर देते ती नक्षी राहावी. उरलेल्यांचे षटकोन पुसून टाकले तरी पात्राचं काही बिघडत नाही.

पातळपणाबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही, कारण तो कथेनंच मागितलेला आहे. सुपरमॅन सदऱ्याखाली पोशाख घालतो; सदऱ्याची बटणं तुटून खालचं चिन्ह दिसणं हा त्या कथेतला सगळ्यात प्रसिद्ध क्षण आहे. वेताळ शहरात येतो तेव्हा लांब कोट, हॅट आणि काळा चष्मा घालून वॉकरसाहेब होतो, आणि कोटाखाली पोशाख असतोच. रबरी स्नायूंवर सदरा चढत नाही. म्हणजे जाड पोशाख निवडणाऱ्यानं कथेतला एक मुद्दा कापून टाकलेला असतो, त्याला ते ठाऊक असो वा नसो. बॅटमॅनवर हे बंधन तितकं नाही. तो तळघरात जाऊन कपडे बदलतो.

हे सगळं मी पुस्तकी अंगानं मांडत असताना घरात त्याची प्रत्यक्ष परीक्षा चालू होती. माझी भाची वस्त्रकलेची विद्यार्थिनी आहे आणि तिला वेताळ व्हायचं होतं. बाईनं वेताळ व्हावं का, असं तिला कुणीतरी विचारलंच. सतराव्या वेताळाची जुळी बहीण जुली हिनं भावाच्या जागी हा पोशाख घातल्याची कथा खुद्द फॉकची आहे, तेव्हा तो वाद तिथेच मिटला. तिनं माझ्या कपाटातले इंद्रजालचे अंक जमिनीवर पसरले आणि विचारलं, “मावशी, यातला खरा जांभळा कुठला?”

प्रश्न रास्त होता. एकाच अंकाच्या दोन पानांवर तो सारखा नव्हता. कुठे वांग्याच्या सालीसारखा, कुठे जास्वंदीकडे झुकलेला. काही चौकटींत ठसे जुळलेले नव्हते, त्यामुळे वेताळाच्या एका खांद्याबाहेर गुलाबी कड आली होती आणि दुसऱ्या खांद्याच्या आत निळी पट्टी उघडी पडली होती. शिवाय कागद पिवळा पडलेला. पिवळ्यावर जांभळा टाकला की तो मातकट होतो. मग त्या मातकट रंगाचं कापड शोधायचं, की कागदाचं वय वजा करायचं? पोथीवरचा तेलाचा डाग कुणी पाठात धरत नाही, या न्यायानं वय वजा करावं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “पण तुला आठवतो तो डागासकटच ना?” या प्रश्नाला भांडारकरांच्या पद्धतीत उत्तर नाही.

तिच्यासमोर छपाईचे पर्याय मुख्यतः दोन होते. स्क्रीन छपाईत शाई कापडाच्या वर बसते. ताणणाऱ्या कापडासाठी तिच्यात लवचीक शाया मिळतात, उष्णतेनं फुगणारी शाईही मिळते. चित्रपटातली उठावाची नक्षी हौशी मंडळी याच फुगणाऱ्या शाईनं साधतात. पण अंगभर एकच रंग अशा तऱ्हेनं दिला तर कापडाचा पत्रा होतो, घाम अडतो आणि ताणाच्या जागी भेगा पडतात. दुसरा पर्याय सब्लिमेशनचा. गल्लोगल्लीच्या क्रिकेट संघांचे, दहीहंडी पथकांचे, गणेश मंडळांचे नाव-नंबर-फोटोवाले चकचकीत टी-शर्ट ज्या पद्धतीनं छापतात तीच ही. आकृती आधी खास कागदावर उलटी छापायची, कागद कापडावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअसला मिनिटभराच्या आत दाबायचा. शाई द्रव न होता कापरासारखी थेट उडते, वाफ होऊन पॉलिएस्टरच्या तंतूंत शिरते आणि गार होताच आतच कोंडली जाते. हाताला शाईचा थर लागत नाही, धुतल्यावर जात नाही. सुती कापडावर हे होत नाही. तिथे पॉलिएस्टरच लागतं. तेव्हा कापड ठरलं ते छपाईनं : साधारण ऐंशी टक्के पॉलिएस्टर, वीस टक्के स्पँडेक्स, उभं-आडवं दोन्हीकडे ताणलं जाणारं, पांढरंशुभ्र.

पांढरंशुभ्र या शब्दापाशी मी थबकले. या पद्धतीत पांढरी शाई नसते. जिथे पांढरं हवं तिथे काही छापायचं नाही. कापडाचा पांढरा तोच पांढरा. निळी, किरमिजी, पिवळी, काळी अशा चार शाया आणि खाली कोरी जमीन. म्हणजे कॉमिकच्या पानाची जी घडण तीच या कापडाची घडण. शेबॉन ज्याला अशक्य म्हणतात ते नकळत आपल्या मंडळांच्या टी-शर्टांत होऊन बसलं आहे. इथे माणूस पोशाख अंगावर घालतो म्हणण्यापेक्षा छापील पान गुंडाळून घेतो. वेताळाचे डोळे पांढरे, बुबुळांविना. ग्रीक पुतळ्यांच्या डोळ्यांवरून ते सुचल्याचं फॉक सांगत असे. पानावर ते डोळे म्हणजे शाई न लागलेला कागद आहे आणि मुखवट्यावर शाई न लागलेलं, आतून दिसेल असं बारीक छिद्रांचं पांढरं कापड. मला हे साम्य शोभेचं वाटत नाही. कापड निवडण्याचा एक निकष त्यातून मिळतो.

अर्थात पानाचे दोषही सोबत येतात. छाप वरच्या बाजूला बसते, धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही. भाचीनं चाचणीसाठी छत्तीस जांभळ्या चौकोनांचा तक्ता त्याच कापडावर, त्याच यंत्रावर छापून आणला होता. हे शहाणपणाचं होतं, कारण संगणकाच्या पडद्यावरचा जांभळा कापडावर कधीच तसा उतरत नाही. कागदावर मळकट दिसणारी शाई दाबाखाली उजळते, आणि थोडी उष्णता किंवा थोडे सेकंद इकडेतिकडे झाले की जांभळा निळ्याकडे किंवा लालीकडे कलतो. तक्त्यातला तिसऱ्या ओळीतला चौकोन दोघींना पसंत पडला. मग तिनं तो गुडघ्यावर ताणून धरला, आणि विणीच्या फटींतून पांढरं डोकावू लागलं. जांभळा फिका, दुधाळ झाला. गुडघा, कोपर, ढुंगण, खांदे; जिथे जिथे शरीर कापडाला ढकलतं तिथे तिथे कागद दिसणार.

काळ्या बारीक रेषांनी भरलेल्या स्पायडरमॅनच्या पोशाखात हा दोष लपतो; नजर जाळीवर अडकते. वेताळाच्या एकरंगी पोशाखात लपायला जागाच नाही. त्यावर बाजारात तयार उपाय आहे : छापायच्या आकृतीतच स्नायूंच्या सावल्या रंगवून घ्यायच्या. असे तयार नकाशे संगणक-चित्रकार विकतात आणि छायाचित्रांत ते फार उठावदार दिसतात. पाहिल्या पाहिल्या मला ते आवडले नाहीत आणि कारण शोधायला थोडा वेळ लागला. छापलेली सावली म्हणजे कायमचा ठरलेला उजेड. हात वर केला तरी काखेखालची सावली तिथेच. वाकलं तरी पोटाचे सहा गोटे तसेच. उभं राहून फोटो काढायचा तोवर ते खरं आणि चालायला लागलं की खोटं. आणि ते स्नायू कुणाचे? रे मूरनं पहिल्या वर्षांत काढलेला फँटम सडपातळ, अर्धा अंधारात असलेला माणूस आहे. विल्सन मकॉयचा जवळजवळ बालचित्रासारखा साधा. घोटीव स्नायूंचा फँटम १९६१पासून साय बॅरीनं रूढ केला. तिघांपैकी एकाचा पाठ सगळ्यांच्या अंगावर छापायचा, त्यात बाईच्याही, याला आधार काय?

बी. गोविंद यांनी रंगवलेली इंद्रजालची मुखपृष्ठं हा आधार होऊ शकतो, आणि भाचीनं ती पुढे केलीच. तिथे वेताळाला छाया-प्रकाश आहेत, छाती आहे, मांड्या आहेत. ती चित्रं रसरशीत आहेत यात वादच नाही. पण मुखपृष्ठ हे स्टॉलवर दोरीला टांगून दुरून बोलावण्यासाठी असतं. आत शिरलं की सपाट रंग सुरू होतो आणि त्या सपाट रंगालाच आपण पन्नास-साठ वर्षं शरीर मानत आलो. वाचणाऱ्याच्या डोळ्यानं ते भरून घेतलं होतं, तपकिरी-करड्या सुपरमॅनला जसा रंग भरला तसं. छापील सावली हे काम डोळ्याकडून काढून घेते. अलीकडे, २०२५च्या ‘सुपरमॅन’मध्ये, जुडियाना माकोव्स्की यांच्या वेशभूषेत लाल चड्डी परत आली. मुलांना या माणसाची भीती वाटू नये, असा युक्तिवाद त्या निर्णयात होता असं दिग्दर्शक जेम्स गन यांनी सांगितलं आहे. कवचधारी नायकाकडून हा विचार सुटला होता.

वेताळाच्या बाबतीत मला याहून मोठा मुद्दा दिसतो. त्याच्याकडे कुठलीच अद्भुत शक्ती नाही. तो अमर आहे असं जंगलात मानतात, कारण बाप मेला की मुलगा तोच पोशाख घालतो, एकवीस पिढ्या. तिथे अमर असतो तो पोशाख. ज्याच्या अंगावर जाईल त्याचा तो झाला पाहिजे आणि तरी दुरून तोच दिसला पाहिजे. विशिष्ट देहाचे स्नायू त्यावर कोरले वा छापले की ही वंशपरंपराच तुटते. उलट, ताणलं जाणारं साधं कापड कुठल्याही देहाला आपलंसं करतं. कथेचं तत्त्व आणि विणीचा गुण इतके एकमेकांना धरून असल्याचं दुसरं उदाहरण मला महानायकांत सापडलेलं नाही.

तेव्हा शेवटी निवड अशी झाली. अंगभरचा जांभळा छापायचा नाही. धाग्याच्या गाभ्यापर्यंत हौदात रंगवलेलं, ताणलं तरी फिकं न पडणारं, चकाकी नसलेलं विणीचं कापड घ्यायचं. कागदाशी असलेलं ते सुंदर साम्य यात हातचं गेलं, हे मला लागलं. पण एकरंगी पृष्ठभागात पानावरही पांढरं दिसत नाही. सपाटपणा हा तिथला पाठ आहे, आणि तो रंगवलेल्या कापडात जास्त नेमका उतरतो. छपाई राखून ठेवली चड्डीसाठी. तिच्यावरचे तिरपे पट्टे म्हणजे वेताळाची खरी सही. चित्रात ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ असतात, मागचं-पुढचं गोलवटपण जुमानत नाहीत. अंगावर मात्र कापड जिथे फुगतं तिथे पट्टा वाकतो. सब्लिमेशनची सोय अशी, की कापड बेतण्याआधी सपाट छापतात, त्यामुळे पट्टे मुद्दाम उलट्या बाजूला वाकडे छापता येतात. शिवून घातले की सरळ दिसतात. बाजूच्या शिवणीवर दोन्हीकडचे पट्टे जुळले पाहिजेत, म्हणून तिनं कागदावर पूर्ण चड्डी आधी आखली, मापाच्या मैत्रिणीला जुन्या कापडाची करून घातली, तिच्या अंगावर सरळ रेघा मारल्या आणि मग शिवण उसवून त्या रेघा कशा पसरल्या ते मोजलं. सरळ दिसण्यासाठी वाकडं आखायचं, हे ज्ञान कॉमिकच्या चित्रकाराला लागलं नव्हतं. ते पोशाखानं नव्यानं मागितलं.

तयार शिवलेल्या कपड्यावर दाबून छापावं, म्हणजे जुळवाजुळव टळते, असं छपाईवाल्यानं सुचवलं होतं. पण तसं केलं की काखेत आणि चुण्यांत शाई पोचत नाही, पांढरे ओरखडे राहतात. बाजारातल्या स्वस्त पोशाखांत ते ओळखू येतात. ठसा न जुळल्यामुळे खांद्याबाहेर आलेली गुलाबी कड मला प्रिय आहे, मग हे ओरखडे का नकोत, असं कुणी म्हणेल. माझं उत्तर असं, की ती कड वाचणाऱ्या लाखो डोळ्यांनी पोशाखाचा भाग म्हणून पाहिलेली आहे. ओरखडा फक्त त्या कारखान्याचा आहे. पाठभेद आणि हस्तदोष यांत अभ्यासकाला फरक करावाच लागतो, आणि तो दर वेळी वादग्रस्तच असतो.

चेन पाठीत आली, मणक्यालगत, त्याच रंगाची. टोप आणि अंग एकत्र बेतलं, कारण चित्रात मानेपाशी रेघ नाही. जांभळ्याची निवड मी म्हटल्याप्रमाणे कागदाचं वय वजा करून झाली. तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीतल्या चौकोनाशी ताडून पाहत रंगारी तीन वेळा नमुना बुडवून आला तेव्हा तो जमला. चड्डीचा छापील काळा आणि अंगाचा रंगवलेला जांभळा एकाच उजेडात नीट बसतात. ट्यूबलाइटखाली मात्र जांभळा निळसर होतो, स्वीडनकडे झुकतो म्हणा ना.

त्याच गाठीत तिनं साडेतीन मीटर करडं कापडही आणलं आहे. त्याचं काय करायचं हे ती अजून सांगत नाही. फॉकच्या मनातला नायक कुणी अंगावर घालून दाखवलेला माझ्या पाहण्यात नाही, एवढं मी तिला सांगून ठेवलं आहे.